गिअरपेटीचे तेल कसे निवडावे

बैलगाडीच्या आसाला वंगण लागते, हे खेड्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. वंगण सुकले की चाक कुरकुरते. गाडीवान गाडी थांबवतो, वंगण घालतो आणि पुढे निघतो. मोटारीचे एवढे सोपे नाही. मोटारीत वंगण लागणाऱ्या जागा पुष्कळ, आणि त्या साऱ्या झाकलेल्या. आत काय चालले आहे ते दिसत नाही. बाहेर आवाज येऊ लागतो, तेव्हा आत पुष्कळ झीज होऊन गेलेली असते.

जालना जिल्ह्यात आज कितीतरी घरांचे पोट मोटारीवर चालते. अंबड-घनसावंगीची मोसंबी, भोकरदनकडची मिरची, परतूर-मंठ्याचा कापूस हा माल पिकअप गाड्यांतून बाजारात येतो. कोणी जीप चालवतो, कोणी लग्नसराईत मोटार भाड्याने देतो. अशी गाडी चार दिवस गॅरेजात पडली, तर चार दिवसांची कमाई बुडाली. वर दुरुस्तीचा खर्च. आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

इंजिनाच्या तेलाकडे सगळे लक्ष देतात. गिअरपेटीच्या तेलाची आठवण फार थोड्यांना होते. आठवण झाली, तरी तेल निवडताना चूक होते. ही चूक पैसे वाचवायला गेल्यामुळे होते असे नाही. पुष्कळदा ती जास्त पैसे देऊन होते! ती कशी, आणि ती टाळावी कशी, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत. हाताने गिअर बदलायच्या गाड्यांपुरतेच आम्ही बोलत आहोत.

गिअरपेटीत काय असते?

गिअरपेटीत दातेरी चाके असतात. लहान चाक मोठ्या चाकाला फिरवते, तेव्हा वेग कमी होतो, पण जोर वाढतो. मोसंबीने भरलेली गाडी चिखलातून वर काढायची, तर पहिला गिअर घालावा लागतो. डांबरी सडकेला लागलो, की चौथा, पाचवा. जोर हवा की वेग हवा, हे ठरवण्याचे काम गिअरपेटी करते.

हे दाते पोलादाचे असतात. गाडीचा सगळा भार ओढताना ते एकमेकांवर फार जोराने दाबले जातात. दोन दातांच्या मध्ये तेलाचा पातळ पडदा असतो. तो पडदा आहे, तोवर पोलाद पोलादाला खात नाही. तेल आणखीही कामे करते. ते उष्णता वाहून नेते. गंज धरू देत नाही. झिजेची भुकटी धुऊन तळाला नेते.

चालत्या एस.टी.त चढणारा माणूस

आता गिअर बदलताना काय होते ते पाहू.

आजच्या गाड्यांत दातेरी चाकांच्या जोड्या नेहमीच एकमेकांत गुंतलेल्या असतात. आपण दांडी हलवली, की आतले एक कडे सरकते आणि हवे ते चाक मधल्या दांड्याला जोडते. पण अडचण अशी, की चाक एका वेगाने फिरत असते आणि कडे दुसऱ्याच वेगाने. तशीच त्यांची जोडणी केली, तर खर्रर्र असा आवाज होऊन दाते तुटतील.

चालत्या एस.टी.त चढणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. जागेवर उभा राहून कोणी उडी मारली, तर तो पडतो. गाडीबरोबर चार पावले पळून, तिच्या वेगाचा झाला, तरच त्याचा पाय पायरीवर ठरतो. (तरी असे कोणी करू नये, बरं का!)

गिअरपेटीत हे पळण्याचे काम एक लहान कडे करते. त्याला सिंक्रो रिंग म्हणतात. पुष्कळ गाड्यांत ही रिंग पितळेची असते. ती फिरत्या चाकाला क्षणभर घट्ट धरते आणि दोघांचा वेग एक करते. मग गिअर लोण्यासारखा पडतो. ही सोय प्रथम १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत आली. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही पुष्कळ गाड्यांत चालकाला दोनदा क्लच दाबून हा मेळ स्वतः घालावा लागे. जुने ट्रक चालवलेले लोक त्याला डबल क्लच म्हणतात.

आता यातली मेख ध्यानात घ्या. दातांना निसरडे तेल हवे. पण रिंगेला क्षणभर घट्ट धरायचे असते. तेल फारच निसरडे असेल, तर तिची पकड सुटते. ओल्या चपला घालून चिखलात पळणारा माणूस एस.टी. कशी गाठणार? म्हणून गिअरपेटीचे तेल दातांना सांभाळणारे हवे, आणि रिंगेलाही सांभाळणारे हवे.

ताक आणि पितळ

नुसते तेल फार मोठ्या दाबाखाली टिकत नाही. दातांच्या मधून ते पिळून बाहेर जाते. म्हणून तेल तयार करतानाच त्यात गंधक आणि फॉस्फरस यांची द्रव्ये मिसळतात. दाबाने दाते तापले, की ही द्रव्ये पोलादावर अगदी पातळ थर धरतात. मग झिजायचे ते हा थर झिजतो, पोलाद वाचते. गिअरच्या तेलाला जो उग्र वास येतो, तो या गंधकाचा.

पोलादाला राखणारे हे गंधक पितळेला मात्र सोसत नाही. तेल तापले, की ते पितळेवर डाग पाडते, हळूहळू त्याला खाते. आपल्या आयाबहिणींना हे निराळे सांगायला नको. बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले, तर ते कळकते. ताक वाईट नाही, पितळही वाईट नाही. दोघांची संगत वाईट.

म्हणून तेलात ही द्रव्ये किती असावीत, त्याचे प्रकार ठरलेले आहेत. अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेने ते ठरवले आणि जगभर तेच चालतात. या संस्थेचे नाव डब्यावर ए पी आय असे असते. मोटारगाड्यांसाठी आपल्याला दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत.

जी एल ४ : यात ही द्रव्ये बेताची असतात. सिंक्रो रिंगा असलेल्या पुष्कळशा गिअरपेट्यांसाठी हे तेल सांगितलेले असते.

जी एल ५ : यात ही द्रव्ये बरीच जास्त, साधारण दुप्पट असतात. हे मुख्यतः मागच्या आसावरील डिफरन्शिअलसाठी आहे. जीप, पिकअप अशा गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवणारी ती मोठी गोल पेटी. तिथली दातेरी चाके अशी बसवलेली असतात, की त्यांचे दाते घसरत घसरत एकमेकांना दाबतात. तिथे पितळी रिंग नसते, आणि दाब मात्र फार असतो.

म्हणजे पाहा, ५ हा आकडा ४ पेक्षा मोठा आहे, म्हणून ते तेल गिअरपेटीला जास्त चांगले, असे मुळीच नाही. ही शाळेतली इयत्ता नव्हे. कामे वेगळी, म्हणून तेले वेगळी. उलट चूकही तेवढीच वाईट. डिफरन्शिअलमध्ये जी एल ५ हवे असताना जी एल ४ घातले, तर तिथले दाते खराब होतात.

अलीकडची काही जी एल ५ तेले पितळेला पूर्वीइतकी खात नाहीत, हे खरे. पण रिंगेच्या पकडीचा प्रश्न राहतोच. आणि काही कंपन्या आपल्या गिअरपेटीसाठी जी एल ५ च सांगतात, कारण त्यांच्या रिंगा वेगळ्या असतात. काही गाड्यांना तर तिसरेच, पातळ तेल सांगितलेले असते. म्हणून शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा.

नव्वद नंबर म्हणजे काय?

दुकानात बहुधा असे बोलणे होते :

"दादा, गिअरचं तेल द्या."

"कोणतं पाहिजे, भाऊ?"

"नव्वद नंबर. आन् भारीतलं द्या, गाडीवर लोड असतो."

दुकानदार फळीवरून डबा काढतो. त्यावर ८० डब्ल्यू-९० छापलेले असते. नव्वद नंबर मागितला, नव्वद नंबर मिळाला. दुकानदार खोटे बोलला नाही. पण डब्यावर त्याच्याच खाली जी एल ५ असते, ते कोणी वाचत नाही. गिऱ्हाईक 'भारीतलं' म्हणाला, म्हणून दुकानदाराने मोठा आकडा दिला. असे जास्त पैसे देऊन पितळी रिंगा खराब होतात.

तर हा नव्वद नंबर म्हणजे काय? तो फक्त तेलाचा दाटपणा सांगतो. हे आकडे एस ए ई या अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने ठरवले आहेत. त्यातले दोन भाग असे :

पहिला भाग थंडीचा. ७५ डब्ल्यू तेल उणे ४० अंश थंडीपर्यंत, ८० डब्ल्यू उणे २६ अंशांपर्यंत आणि ८५ डब्ल्यू उणे १२ अंशांपर्यंत फार घट्ट होत नाही. आकडा लहान, तितके तेल थंडीत पातळ.

दुसरा भाग उष्णतेचा. तेल १०० अंशांपर्यंत तापले असता ते किती दाट राहते, हे त्यावरून कळते. ८० पेक्षा ९० दाट, ९० पेक्षा १४० पुष्कळ दाट.

कोणी म्हणेल, "जालन्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. मग दाट तेल घातलेलं बरं नाही का?" नाही. कंपनीने तेल ठरवताना हवेच्या उष्णतेचा आणि ओझ्याचा विचार केलेला असतो. फार दाट तेल दातांच्या फटीत आणि बेअरिंगात वेळेवर पोचत नाही. हिवाळ्यात पहाटे गिअर जड पडतो. इंजिनाचा जोर तेल ढवळण्यात वाया जातो आणि डिझेल जास्त लागते. ज्यांच्या पुस्तिकेत दोन आकडे दिले आहेत आणि हवामान पाहून निवडा असे लिहिले आहे, त्यांनीच तशी निवड करावी.

आणखी एक घोटाळा होतो. इंजिनाच्या तेलावर ४० किंवा ५० आकडा असतो. गिअरच्या तेलावर ९० असतो. म्हणून गिअरचे तेल दुप्पट दाट, असे लोक धरतात. तसे नाही. दोन्ही तेलांची मापे वेगळी आहेत. गिअरचे ९० नंबर तेल इंजिनाच्या ४०-५० नंबर तेलाइतकेच दाट असते. शेर आणि किलो यांचे आकडे जुळवू नयेत, तसेच हे.

आपल्या गाडीचे तेल कसे ठरवावे?

गाडीबरोबर एक पुस्तिका मिळते. ती बहुधा कागदपत्रांच्या खणात पडलेली असते. तिच्यात शेवटी शेवटी तेलांचा तक्ता असतो. त्यात गिअरपेटीची ओळ शोधा. पुस्तिका हरवली असली, तर कंपनीच्या सेवा केंद्रात गाडीचा चासी नंबर सांगून विचारा. पुष्कळ कंपन्यांच्या पुस्तिका मोबाईलवरही मिळतात. गाडी तीच असली, तरी साल बदलले की कधी कधी तेल बदलते. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपले तेल ठरवू नका.

मग एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या. चिठ्ठी अशी होईल :

दाटपणा : ७५ डब्ल्यू-८०
प्रकार : जी एल ४
माप : २ लिटर

हा नुसता नमुना आहे. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. डब्यावरची अक्षरे आणि आकडे इंग्रजीत छापलेले असतात. इंग्रजी येत नसले, तरी अडत नाही. पुस्तिकेतली अक्षरे जशी दिसतात, तशीच चिठ्ठीवर काढा. दुकानात चिठ्ठी डब्याशेजारी धरा. अक्षर अन् अक्षर, आकडा अन् आकडा जुळला, तरच डबा घ्या. कंपनीचे नाव कोणतेही असो, चिठ्ठीशी जुळणे महत्त्वाचे.

डब्याचे सील फुटलेले नाही ना, ते पाहा. बिल घ्या. सुटे तेल घेऊ नका. त्यात काय आहे, हे ना तुम्हाला कळते, ना मेस्तरीला. रंगावरूनही ठरवू नका. रंग कोणालाही घालता येतो.

ट्रॅक्टरवाल्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना मिळून एकच खास तेल असते. ते तेल जीपच्या गिअरपेटीत ओतू नये आणि जीपचे तेल ट्रॅक्टरमध्ये ओतू नये. घरात पिंप उघडे आहे, म्हणून ते सगळ्या गाड्यांना चालते असे नाही.

तेल कधी पाहावे, कधी बदलावे?

किती किलोमीटरला तेल बदलावे, हेही पुस्तिकेतच असते. प्रत्येक गाडीचे वेगळे. नेहमी ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी पुष्कळदा लवकरची मुदत दिलेली असते. ती वाचा.

इंजिनाचे तेल थोडे जळते. गिअरपेटीचे तेल जळत नाही. ते कमी झाले, तर कोठून तरी गळत आहे असे समजा. आधी गळती बंद करा, मग भर घाला. गाडी रात्री उभी होती, तिथे सकाळी तेलाचा डाग दिसतो का, हे पाहण्याची सवय ठेवा.

पावसाळ्यात नाल्याला पाणी आले, की आपण गाडी तशीच घालतो. गिअरपेटीला हवा जाण्यासाठी वर एक बारीक भोक असते. तापलेली पेटी एकदम पाण्यात गेली, की तिथून पाणी आत ओढले जाते. मग तेल ताकासारखे पांढरट होते. असे तेल दिसले, तर किलोमीटर मोजत बसू नका. लगेच बदला.

गिअर घालताना खरखर होते, गिअर आपोआप सुटतो, किंवा गाडी पळताना घूं घूं आवाज येतो, तर तेल तपासा. पण तेलानेच सगळे बरे होईल, अशी आशा धरू नका. दोष क्लचचाही असू शकतो. जुनी गाडी विकताना कोणी कोणी १४० नंबर तेल घालून आवाज दाबतात. जुनी गाडी घेणाराने हे ध्यानात ठेवावे आणि गिअरपेटीतले तेल पाहूनच सौदा करावा.

तेल बदलताना आपण जवळ उभे राहावे. पाहण्याच्या गोष्टी या :

गाडी सपाट जागेवर असावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. खाली भक्कम स्टँड हवेत.

तेल कोमट असावे, म्हणजे ते सगळे निघते. कढत असताना नट काढला, तर हात भाजतो.

आधी भरायचा नट काढावा, मग खालचा. हे उलटे करू नये. खालून तेल सोडले आणि भरायचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही.

खालच्या नटाला लोहचुंबक असेल, तर त्यावर काळसर मऊ भुकटी दिसते. ती नेहमीची झीज आहे. पण खडे किंवा तुकडे दिसले, तर दात तुटलेला आहे. मेस्तरीला तिथेच दाखवा.

नवे तेल पुस्तिकेत सांगितले तेवढेच भरावे. पुष्कळ गाड्यांत भरायच्या भोकातून तेल बाहेर येऊ लागले, की पेटी भरली असे धरतात. जास्त कोंबले, तर तेलाला फेस येतो आणि सील गळू लागते.

जुन्या तेलाचे काय करावे?

जुने तेल नालीत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. आपल्या मराठवाड्यात पाण्याचे मोल काय, हे सांगायला नको. तेल जमिनीत मुरते आणि पाणी नासते. २०१६ सालच्या सरकारी नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा धोकादायक कचरा आहे. ते साठवून, परवाना असलेल्या माणसाकडेच गेले पाहिजे. तेल बदलणाऱ्या गॅरेजवाल्याला विचारा, "दादा, हे तेल कुठं जातं?" चार लोकांनी विचारले, की तोही नीट व्यवस्था करील. असे तेल चुलीत जाळू नये. हाताला लागले, तर साबणाने धुवावे.

ध्यानात ठेवा

१. मोठा आकडा म्हणजे चांगले तेल नव्हे. दाट तेल म्हणजेही चांगले तेल नव्हे.
२. 'नव्वद नंबर' एवढे सांगून भागत नाही. जी एल ४ की जी एल ५, हे पाहिलेच पाहिजे.
३. गिअरपेटी आणि डिफरन्शिअल यांची तेले वेगळी असू शकतात.
४. पुस्तिका, चिठ्ठी आणि डबा या तिन्हींवरचे आकडे जुळवा.
५. पाणी शिरलेले तेल लगेच बदला.

गिअरपेटी उघडण्याचा खर्च तेलाच्या डब्याच्या कितीतरी पट असतो. तो वाचवायला मोठी विद्या लागत नाही. डब्यावरच्या दोन ओळी स्वतः वाचता आल्या, की पुरे. मेस्तरी हुशार असेल, दुकानदार भला असेल, तरी गाडी आपली आहे. ओतण्याआधी डबा हातात घ्यावा आणि आपल्या डोळ्यांनी वाचावा.

वाचा आणि सांगा

१. सिंक्रो रिंग कोणते काम करते?
२. जी एल ५ तेल मुख्यतः कोठे वापरतात?
३. '८० डब्ल्यू-९०' यातील ९० हा आकडा काय सांगतो?
४. तुमच्या घरच्या किंवा गावातल्या एका गाडीची पुस्तिका पाहा. तिच्यातून गिअरपेटीच्या तेलाची चिठ्ठी तयार करा.